हव आणि निरंक

माझा स्वभाव संशयी आहे आणि तो मला बाबांकडून मिळाला. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. नोकरीभर त्यांनी खोक्यांची सीलं तपासली, आणि घरी आल्यावर दुधाचं पातेलं, विजेचं मीटर आणि शेजाऱ्यांचं हसू त्याच नजरेनं तपासलं. आमच्याकडे कुणी पेढे घेऊन आलं तरी आधी मनात यायचं, याचं आपल्याकडे काय काम असेल? आई वैतागून म्हणायची, "तुम्ही दोघं बापलेकी देवळात गेले ना, तर देवालेच विचारसान, आमाले काहून बोलावलं म्हणून." आम्ही हसायचो. पण आपण कधी फसलो नाही ते या स्वभावामुळेच, असं आमचं दोघांचंही पक्कं मत होतं.

नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हा शहरात ऑफिसं जास्त आणि इमारती कमी अशी गत होती. आमचं ऑफिस एका भाड्याच्या बंगल्यात होतं. साहेब जेवणाच्या खोलीत बसायचे, टायपिस्ट देवघरात, आणि जुन्या फायली न्हाणीघरातल्या कोरड्या टाकीत. शहरापासून दूर, शेतांच्या मधोमध नवी राजधानी उभी राहायची होती. तिच्या आसपासच्या गावांत बैठका घ्यायच्या, सरकारचं म्हणणं गावकऱ्यांना सांगायचं आणि गावकऱ्यांचं म्हणणं लिहून आणायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. त्यातलं लिहून आणायचं काम माझं. मी हिंदी स्टेनो होते. घरात मराठी, ऑफिसात हिंदी, गल्लीत छत्तीसगढी; तिन्ही भाषा मला सारख्याच येतात असा माझा समज होता.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला एक जाडजूड पुस्तिका वाचायला दिली. कागद वाचवा असं सांगणारी ती पुस्तिका इतक्या गुळगुळीत, महागड्या कागदावर छापली होती की तिथंच माझी भुवई वर गेली. तिच्या पानोपानी 'सतत विकास' असं लिहिलेलं होतं. मी ती घरी नेली. बाबांनी चष्मा पुसून पहिलं पान वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सतत विकास? म्हंजे हा थांबनारच नाही का वो?"

मी सांगितलं, बाबा, हे हिंदी आहे. आपल्या मराठीत याला शाश्वत विकास म्हणतात. म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी पाणी, झाडं, माती राखायची आणि मगच काय ते बांधायचं.

"मंग तसं लिहा ना! हे सतत वाचून तर मले भेवच वाटून राह्यला." मग त्यांनी पुढची पानं चाळली. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, तलाव खोल करायचे, काठांवर झाडं लावायची, असं सगळं चित्रांसकट होतं. "पानी मुरवून राह्यले म्हन्ते. पन कुठं मुरून राह्यलं, ते पाह्य."

बाबांचं हे वाक्य मी शिरसावंद्य मानलं आणि त्या दिवसापासून ऑफिसात सगळ्यांकडे त्याच नजरेनं पाहायला लागले. साहेब बाहेरून बदलून आलेले, फार गोड बोलणारे. मला 'मैडम जी' म्हणायचे. गोड बोलणाऱ्याचं मला कधीच खरं वाटत नाही. शिवाय ते गावात गेले की गावकऱ्यांचा चहा घ्यायचे नाहीत, आपला थर्मास उघडून प्यायचे. यामागे काहीतरी आहे, असं मी कित्येक महिने धरून चालले होते. त्यांना मधुमेह होता, एवढंच निघालं. टायपिस्टनं पंडरीच्या कापडबाजारातून घरासाठी नवे पडदे आणले, तेव्हा त्या पडद्यांचा आणि फायलींचा काय संबंध असेल यावर मी एक अख्खी दुपार घालवली.

आता भाजीवालीबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यावरूनच आहे. आमचं घर तेलीबांध्याच्या तलावामागच्या गल्लीत. त्या वाटेनं गावाकडच्या बसगाड्या यायच्या आणि सकाळच्या बसनं एक बाई भाजीची टोपली घेऊन उतरायची. वयानं आईएवढी. सगळी गल्ली तिला दाई, म्हणजे आई, म्हणायची, म्हणून मीही दाईच म्हणायचे. तिच्याकडे लाल भाजी, चेच, पालक आणि अंबाडी असायची. अंबाडीला ती अमारी म्हणायची आणि मी अंबाडी म्हटलं की मुद्दाम 'का?' असं विचारून मला चिडवायची. जुड्या धानाच्या पेंढ्यानं बांधलेल्या असायच्या. मी प्रत्येक जुडी सोडून मध्ये पिवळी पानं कोंबली आहेत का ते पाहायचे. ती पायरीवर बसून माझी तपासणी बघायची आणि म्हणायची, "दीदी, तैं पुलिस मा हस का?" इतक्या वर्षांत एकदाही पिवळं पान सापडलं नाही, तरी मी जुडी सोडायची थांबले नाही. आणि इतक्या वर्षांत ती कोणत्या गावची, हेही मी कधी विचारलं नाही.

ते मला एका बैठकीत कळलं.

आम्ही जीपनं त्या गावात पोचलो तेव्हा तलावाच्या बांधावर मांडव घातलेला होता. छत्तीसगढीत तलावाला तरिया म्हणतात. तो तरिया मोठा होता आणि चहूबाजूंनी वापरात होता. एका बाजूच्या पायऱ्यांवर पुरुष आंघोळ करत होते, दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवर बायका कपडे धूत होत्या, पलीकडच्या कोपऱ्यात म्हशी डुंबत होत्या. आणि आमच्या समोरच्या उतारावर, पाण्याला अगदी लागून, लाल भाजीचे वाफे होते. एक बाई घागरीनं त्यांना पाणी घालत होती. तिनं मान वर केली, तर ती दाई. मला पाहून तिला कोण आनंद झाला. हात पदराला पुसत ती वर आली. "तैं इहां का करत हस, दीदी?"

मी म्हटलं, तुमचं म्हणणं लिहून घ्यायला आले आहे.

"लिख, लिख," असं म्हणून ती बायकांच्या घोळक्यात पुढे जाऊन बसली, आणि शेजारणींना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. ही आपली माणूस आहे, असंच सांगितलं असणार.

साहेबांनी फळ्यावर रंगीत नकाशा लावला. त्यात तरिया निळाशार होता, काठावर दगडी फरशी होती, बाक होते, बदकं होती. म्हशी नव्हत्या. वाफेही नव्हते. साहेबांनी समजावून सांगितलं, की हा तलाव आता संरक्षित होईल. खोल केला जाईल, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल आणि साऱ्या परिसरातल्या विहिरींचं पाणी वर येईल. पाणी स्वच्छ राहावं म्हणून सभोवती कुंपण होईल. आंघोळ, धुणं, जनावरं, काठावरची शेती, हे सगळं बंद. त्याऐवजी हातपंप आणि सिमेंटची टाकी मिळेल. साहेबांनी काही लपवलं नाही. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते, त्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकते. ते एकेक वाक्य सावकाश बोलायचे आणि थांबायचे, आणि प्रत्येक वाक्यानंतर मांडवातून आवाज यायचा, "हव."

तलाव खोल होईल. हव. कुंपण होईल. हव. जनावरं येणार नाहीत. हव. वाफे निघतील. हव साहेब, हव.

मग साहेबांनी एकेकाला उभं करून विचारलं, समजलं का, तुमचं मत काय? प्रत्येक जण उभा राहून म्हणाला, हव. दाईही म्हणाली. माझ्या रजिस्टरात नाव, अंगठा आणि मत असे तीन रकाने होते. मतात सहमत किंवा असहमत लिहायचं. मी लिहीत गेले. सहमत, सहमत, सहमत. माझं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. सरपंच डोळ्यांनी कुणाला खुणावतो आहे का, एकच माणूस दोनदा अंगठा लावतो आहे का, साहेब कुणाच्या तोंडात शब्द घालत आहेत का. तसं काहीच झालं नाही. परतताना जीपमध्ये मी थोडी हिरमुसलेच होते.

हव हा शब्द आमच्या घरातला. आमच्या वऱ्हाडातही हव म्हणजे हो, आणि इथल्या बोलीतही हव म्हणजे हो, तेव्हा त्यात तपासण्यासारखं काय होतं? बाबा तर हव फार जपून वापरायचे. मी नोकरी करायची की नाही, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग एकदाच हव म्हटलं. त्यानंतर काका आला, आत्या आली, कुणीही काही बोललं तरी ते हव मागे गेलं नाही. आमच्याकडे हव म्हणजे सील लागलं.

दोनतीन महिने गेले असतील. एका सकाळी दाई आली ती टोपली न उतरवताच उभी राहिली. गावात लोखंडी खांब येऊन पडले होते. काही लोक चुना टाकून खुणा करून गेले होते आणि एक खूण तिच्या वाफ्यांच्या वरच्या अंगाला होती. "दीदी, तरिया बंद हो जाही का?"

मी म्हटलं, अगं, तुम्ही सगळ्यांनी मान्य केलं ना!

तिचा चेहरा मी विसरणार नाही. "हमन कब मानेन?" आम्ही कधी मानलं?

तिचे डोळे भरून आले. त्या वाफ्यांशिवाय तिला दुसरं काही नव्हतं. नवरा गेलेला, शेतजमीन नाही, बांधावरची ती कड तेवढी गावानं तिला कसायला दिलेली. ती बंद झाली की टोपली बंद. आणि मला राग आला. म्हणजे पाणी मुरत होतं तर! मी इतके दिवस उगीच का संशय घेत होते? ऑफिसात गेले आणि टाइप केलेली फाइल काढली. तिच्यात स्पष्ट छापलं होतं, 'सर्वसम्मति से पारित'. हा शब्द मी लिहिलेला नव्हता. मी प्रत्येकाचं वेगवेगळं मत लिहिलं होतं. म्हणजे कुणीतरी मधल्या मधे कारभार केला होता.

मी टायपिस्टला गाठलं. त्याच्या पडद्यांचा विषयसुद्धा काढला. तो बिचारा रडकुंडीला आला आणि म्हणाला, दीदी, जो लिखा था वही टाइप किया. मग मी साहेबांवर संशय घेतला, मग सरपंचावर, मग जीपच्या ड्रायव्हरवर, कारण त्याच्या पुतण्याला कुंपणाच्या कामावर मजुरी मिळाली होती. घरी बाबा रोज रात्री जेवताना विचारायचे, "सापडला का?" शेवटी मी साहेबांकडे मूळ रजिस्टर मागितलं. मला वाटलं, टाळाटाळ करतील. त्यांनी लगेच कपाटाची किल्ली दिली.

पानं बदललेली असतील, शाई वेगळी असेल, खाडाखोड असेल, म्हणून मी ते रजिस्टर खिडकीशी उजेडात धरून पाहिलं. एकही खाडाखोड नव्हती. सगळं अक्षर माझं होतं. वरून खालपर्यंत सहमत, सहमत, सहमत, वळणदार आणि सुवाच्य. दाईच्या ओळीतही. सगळेच सहमत असल्यावर टायपिस्टनं सर्वसंमती लिहिलं, त्यात त्याचं काय चुकलं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी महिनाभर घेऊन फिरत होते.

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी दाईला विचारलं, तू त्या दिवशी हव म्हणाली होतीस ना? माझ्या आवाजात थोडी पोलिसगिरी आलीच.

"हव त कहे रहेंव," ती म्हणाली. "हव त हुंकारू आय, दीदी."

हुंकारू म्हणजे काय ते तिनं मला पायरीवर बसून लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. गावात कुणी गोष्ट सांगत असेल, तर ऐकणाऱ्यानं मधूनमधून हव म्हणायचं असतं. ऐकतोय, पुढे सांग. कुणी पाहुणा बोलत असेल, तर त्यालाही द्यायचं. हुंकारू दिला नाही तर बोलणाऱ्याचा अपमान होतो, आणि त्यानं तिथंच थांबायचं असतं. साहेब इतका मोठा माणूस, उन्हात उभा राहून बोलत होता, त्याला हुंकारू द्यायचा नाही का? सगळं ऐकून घेतलं, आलो होतो म्हणून अंगठा लावला. मानायचं की नाही, ते नंतर गाव आपलं बसून ठरवणार होतं. त्यांना वाटलं, साहेब परत येऊन विचारतील.

मी या शहरात जन्मले, वाढले. हा शब्द रोज बोलत आले. आणि तो मला येत नव्हता.

त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली. मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते चिडतील, माझी नोकरी जाईल, असं धरूनच गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मैडम जी, मैं होता तो मैं भी हाँ ही लिखता." मग त्यांनी नियमांची फाइल काढली. आक्षेप घ्यायची मुदत अजून संपलेली नव्हती. ते म्हणाले, पुन्हा बैठक घेऊ. या वेळी मत विचारणार नाही, फक्त आपत्ती, म्हणजे हिंदीत आक्षेप, तेवढे विचारू, आणि एक जरी आपत्ती नोंदली गेली तरी काम थांबवून वर कळवावं लागेल. त्यांनी स्वतःच्या सहीनं नोटीस काढली. साहेब प्रामाणिक निघाले, आणि त्या दिवसांत मला ते अवघडच गेलं. लबाड असते तर भांडता आलं असतं.

बैठकीच्या आदल्या सकाळी दाई आली तेव्हा मी तिला बजावलं, "इस बार कोई हव मत कहना. सबको बोल देना. हव बिल्कुल नहीं." तिनं नीट ऐकलं. मी फाटकाशी उभी होते, माझी बस येत होती, घाईत होते. "समझ गेंव, दीदी," ती म्हणाली. ती समजली याचं मला किती समाधान वाटलं! काय बोलायचं ते त्यांना ठाऊकच आहे, फक्त तो एक शब्द गळला की झालं, असं मला वाटलं.

पुन्हा तोच बांध, तोच मांडव. साहेबांनी पहिलं वाक्य बोलून सवयीनं थांबा घेतला. मांडवातून काहीच आलं नाही. दुसरं वाक्य, काहीच नाही. पाण्यातल्या म्हशीच्या नाकाचा आवाज तेवढा येत होता. साहेब गडबडले. पाणी पिऊन त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. पुढे बसलेला एक म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि साहेबांकडे पाठ करून पुन्हा बसला. बायकांनी डोक्यावरचे पदर ओढून घेतले. आता हे बोलणार, आता एकेक उठणार, म्हणून मी आपत्तीच्या रकान्यावर पेन टेकवून तयार होते.

"किसी को कोई आपत्ति है?" साहेबांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. सगळे मूग गिळून बसलेले. दाई माझ्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून, बघ मी सांगितलं तसं केलं की नाही, अशा अभिमानानं.

साहेब हळूच म्हणाले, "लिखिए मैडम जी. आपत्ति निरंक."

निरंक म्हणजे शून्य, काही नाही. सरकारी कागदात रकाना रिकामा ठेवत नाहीत, तिथं निरंक लिहितात. मी त्यांना म्हटलं, सर, हे गप्प बसणं हीच आपत्ती आहे. हुंकारू बंद केला म्हणजे तुम्ही थांबा असं ते सांगत आहेत. साहेबांनी माझी चेष्टा केली नाही. त्यांनी खरंच तो छापील कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "चुप्पी को किस कॉलम में लिखूँ?"

मी रजिस्टर घेऊन बायकांमध्ये गेले आणि दाईपुढे बसले. सगळ्यांदेखत म्हटलं, दाई, बोल ना! बोल की तरिया बंद करू नका.

ती चकित झाली. "बोलत त हन, दीदी. अउ कतका बोलबो?"

बोलतोच आहोत, आणखी किती बोलायचं! साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनाही ते ऐकू गेलं, आणि ते म्हणाले, ठीक आहे, हीच आपत्ती समजू, यांचं नाव लिहा आणि अंगठा घ्या. मी दाईचं नाव लिहिलं. शाईची डबी उघडून तिच्यापुढे धरली.

दाईनं हात पदराखाली घेतला.

मी म्हटलं, दाई, हा तुझ्या बाजूचा अंगठा आहे. एक अंगठा लागला की खांब थांबतील. तिनं डबीकडे पाहिलं, रजिस्टराकडे पाहिलं, त्यातल्या माझ्या वळणदार अक्षराकडे पाहिलं. मागच्या वेळी याच पुस्तकात, याच डबीतून, माझ्याच समोर तिनं अंगठा लावला होता आणि त्याचे खांब झाले होते. "नइ लगावंव," ती म्हणाली. लावणार नाही. शेजारणीनं हात आत घेतला. तिच्या शेजारणीनंही घेतला. मी डबी घेऊन ओळीच्या ओळी फिरले, हात जोडले, अक्षरशः विनवण्या केल्या. एकही अंगठा मिळाला नाही. त्यांच्या जागी बाबा असते तर त्यांनीही लावला नसता.

मी शेऱ्याच्या जागेत लिहिलं की गावकरी मौन राहिले आणि हे मौन असहमतीचं आहे. साहेबांनी पहिला भाग राहू दिला, दुसऱ्यावर रेघ मारली. ते तुमचं मत झालं, म्हणाले, बैठकीत घडलेलं नाही. वरून जो आदेश आला त्यात शेरा नव्हता. त्यात एवढंच होतं, प्राप्त आपत्तियाँ निरंक.

कुंपण झालं. पुस्तिकेत लिहिलं होतं तसं पाणी स्वच्छ झालं, आणि आसपासच्या विहिरींना पाणी वाढलं असंही म्हणतात. ते खरं असेल, मी त्यावर संशय घेत नाही. दाईचे वाफे दगडी फरशीखाली गेले. ती आता पहाटे ठोक बाजारातून भाजी उचलते आणि रबर लावलेल्या जुड्या घेऊन येते. पूर्वी ती घटकाभर पायरीवर बसायची, सुनेच्या तक्रारी सांगायची, मला चिडवायची. आता भाव सांगते, जुडी देते, पुढच्या दाराला जाते. मी जुड्या सोडून पाहणं बंद केलं, तेही तिच्या लक्षात आलं असेल, पण ती काही बोलली नाही.

बाबांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुह्या पेनाचं सील आपन नाही पाह्यलं वो, पोरी." त्यांनी 'आपण' म्हटलं. त्या एका शब्दानं मला रडू फुटलं.

त्यानंतरची एक सकाळ. मी दारात उभी राहून कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहीत होते. दाई आली. बऱ्याच दिवसांनी धीर करून मी विचारलं, गावचं कसं चाललंय? हातपंपाला पाणी येतं का?

तिनं टोपली अर्धवट उतरवली आणि तशीच हातात धरून ठेवली. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"पहिली पेन ला मढ़ा दे, दीदी."

मढ़ा म्हणजे ठेव. आधी ते पेन ठेव. मला वाटलं, पूर्वीसारखी चिडवते आहे, म्हणून मी हसले. ती हसली नाही. ती नजर मी लगेच ओळखली, कारण ती माझ्याच घरातली होती. राग आला नाही. तिचं काही चुकत नव्हतं.

मी पेन पायरीवर ठेवलं. तिनं ते हातानं आणखी लांब सरकवलं, मग टोपली उतरवून बसली आणि बोलायला लागली. कितीतरी वेळ बोलत होती. तरियाचं, पायऱ्यांचं, म्हशींचं, वाफ्यांचं, एकेक. पहिल्या बैठकीत जे रजिस्टरात यायला हवं होतं ते सगळं तिनं सांगितलं. काय सांगितलं ते मी इथंही लिहीत नाही. मधूनमधून हव म्हणायचीसुद्धा मला भीती वाटली, मान तेवढी हलवत राहिले. ती उठेपर्यंत मी दोन्ही हात तिला दिसतील असे मांडीवर ठेवून बसले.